झुळकेच्या पोटात

आषाढ लागला की आमच्या भागात आभाळात गर्दी होते आणि जमिनीवर धूळ उडते. ढग पश्चिमेकडून पळत येतात. तिकडे अकोले तालुक्याच्या डोंगरांवर त्यांनी सगळं पाणी सांडलेलं असतं. आमच्यावरून जाताना द्यायला सावलीखेरीज त्यांच्याकडे काही उरलेलं नसतं. वारा मात्र मुबलक. नागापूरच्या कारखान्यांचे पत्रे दिवसभर खडखडतात, बाभळींना प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा बहर येतो, टपरीवाला चहाचा ग्लास हातानं झाकून पुढे करतो आणि दुचाकीवरची माणसं तोंडाला रुमाल बांधून दरोडेखोरांसारखी कामावर येतात. ज्याला त्याला हा वारा नकोसा असतो. मी तेवढा माझ्या वर्कशॉपच्या दारात उभा राहून समोरच्या निलगिरीचा शेंडा बघत असतो. शेंडा नुसता हलत असेल तर मी कामाला लागतो. तो एकदा वाकला आणि वाकलेलाच राहिला, तर माझं काही खरं नसतं. लेथवरचा माणूस काही विचारायला येतो, मी 'हो' म्हणतो, आणि त्यानं काय विचारलं होतं ते त्यालाच नंतर विचारतो.

सुप्याला माल पोचवायला गेलो की डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसतात. मी गाडी कडेला घेतो. सगळ्या फिरत असल्या तर त्या पुन्हा पुन्हा मोजत तिथंच उभा राहतो, दहावीच्या निकालात नंबर शोधावा तसा. पन्नाशी ओलांडलेल्या, दोन चष्मे बाळगणाऱ्या आणि ब्याण्णव किलो वजनाच्या माणसाला हे शोभत नाही, हे मला मान्य आहे. पण शोभण्याबिभण्याचा प्रश्न मी चार पावसाळ्यांपूर्वीच निकालात काढला. यंदाचा वारा सुटला आणि तोच आषाढ पुन्हा डोक्यात घुसला. तो काही जात नाही.

त्याआधी, मी नक्की काय करतो ते सांगायला हवं. मी पाण्यावर उडतो. असं म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत, विषय बदलतात. तरी सांगतो. एक फळी असते, दरवाज्याच्या निम्म्या फळीएवढी. तिच्या खाली मीटरभर लांब ॲल्युमिनियमचा पाय, आणि त्या पायाच्या तळाशी विमानासारखे दोन छोटे पंख, एक पुढे आणि एक मागे. या सगळ्याला फॉइल म्हणतात. हातात हवा भरलेला एक मोठा कापडी पंख धरायचा, त्याला विंग म्हणतात. वारा विंगला ओढतो, विंग तुम्हाला ओढतं, तुम्ही फळीला ओढता. वेग आला की पाण्यातले पंख फळीला वर उचलतात. फळी पाणी सोडते. खाली फक्त तो पाय पाणी कापत जातो आणि तुम्ही हातभर उंचीवरून चाललेले असता. ऐकायला सोपं आहे. मलाही सोपंच वाटलं होतं.

हे मी पहिल्यांदा पाहिलं कोकणात, बायकोमुलींबरोबर गेलो होतो तेव्हा. सगळे समुद्राकडे पाठ करून फोटो काढत होते. लांब एक माणूस पाण्यावरून, पाण्याला न लागता, उभ्याउभ्या गेला. ना इंजिन, ना आवाज. मी बायकोला दाखवलं. तिनं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मनातलं ओळखून विचारलं की तुम्हाला कुठलं पोहणं येतं, विहिरीतलंच ना? मी म्हटलं, पाणी सगळीकडे सारखंच. त्या वाक्यावरून तिनं पुढे वर्षभर मला धारेवर धरलं.

विंग मी गोव्यातल्या एकाकडून जुनंच मिळवलं. फळी आणि फॉइल मात्र स्वतःच्या वर्कशॉपमध्ये तयार केलं. वीस वर्षं मी पंपांचे पंखे करतोय. पाण्यात पातं कसं वागतं हे आपल्याला कोणी शिकवायचं कारण नाही, अशी माझी खात्री होती. त्या खात्रीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, जरा लाजतच येणार आहे.

पाणी होतं मामांचं. म्हणजे मुळा धरणाचंच, पण त्याच्या फुगवट्याच्या काठाला मामांचं गाव, आणि मामा त्या पाण्याबद्दल घरच्या गोठ्याबद्दल बोलावं तसं बोलतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जी जमीन उघडी पडते, तिच्यावर ते गाळपेर करतात. कलिंगडं, काकड्या, गुरांना कडवळ. पाणी मागे सरकत जातं आणि मामा त्याच्या मागेमागे पेरत जातात. पावसाळ्यात घाटातल्या पावसानं धरण भरायला लागतं तेव्हा पाणी पुढे येतं आणि मामा मागे येतात. माझ्या लहानपणापासून मी त्या दोघांचं हे मागेपुढे बघत आलोय. मामांची खरी शेती वरच्या अंगाला, कोरडवाहू. बाजरी आणि मूग. ती आभाळावर अवलंबून. खाली हातभरावर एवढं पाणी, आणि वर मामा ढगांकडे तोंड करून उभे.

त्या वर्षी मामांचं वय बहात्तर होतं आणि उजवा डोळा गेलेला होता. काचबिंदू. दुखलं नाही, खुपलं नाही, त्यामुळे ते कोणाला बोलले नाहीत, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. डाव्या डोळ्यात थोडं उरलं होतं. नगरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते टिकवायला ऑपरेशन करू, पण किती टिकेल ते सांगता येत नाही. मामांना विचारलं की कसं दिसतं, तर म्हणाले, पाइपातून बघितल्यावानी. समोरचं माणूस दिसायचं, त्याच्या शेजारचं नाही. म्हणून ते कोंबड्यासारखी मान थोडी थोडी फिरवत जग बघायचे. आधी माझं नाक, मग माझा खांदा, मग माझ्या हातातली पिशवी.

पहिल्या दिवशी मी टेम्पोतून सामान उतरवलं तेव्हा मामांनी असंच तुकड्यातुकड्यानं सगळं पाहून घेतलं. मामींनी चहा दिला आणि विचारलं की हे फवारणीचं हाय का. मी समजावून सांगितलं. मामांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "म्हंजे तू उडनार."

"शिकणार आहे, मामा."

"मग लवकर शीक. मला दिसतंय तवर उड."

ते चहा पितापिताच बोलले, काही विशेष बोलल्यासारखं नाही. मामी आत निघून गेल्या. मी मात्र ते वाक्य हौसेच्या सामानात भरून पाण्यावर नेलं, आणि त्या दिवसापासून ती नुसती हौस राहिली नाही.

आता पडण्याबद्दल. मी किती प्रकारे पडलो ते सांगायला बसलो तर हा लेख संपायचा नाही. पुढे पडलो, मागे पडलो, विंगवर पडलो, विंग माझ्यावर पडलं. फळीवर गुडघे टेकून बसलो आणि पंगतीत वाढप्याची वाट बघावी तसा वाऱ्याची वाट बघत बसल्याबसल्या आडवा झालो. एकदा तर पाण्यात शिरायच्या आधीच, काठावरच्या चिखलात, नुसत्या विंगनं मला दहा पावलं फरपटत नेऊन मामांच्या कडवळात ठेवलं. काठावर दोन मेंढपाळ असायचे. त्यांनी माझ्या विंगला वटवाघूळ नाव ठेवलं होतं, आणि वटवाघूळ आज कुठं लटकलं एवढं विचारून ते मेंढ्यांमागे जायचे. धुणं धुवायला आलेल्या बायका मी पाण्यात असेपर्यंत धुणं लांबवायच्या.

मामा काठावर एका जुन्या खुंटावर बसायचे. हातात काठी, डोक्याला टोपी, तोंड माझ्या दिशेला. एकदा मी धापा टाकत बाहेर आलो तर म्हणाले, "दत्तू, मानूस बांधावरनं बी पडतं. तू पडाया सामान घेऊन आलास."

वाऱ्यावरून आमचं रोज वाजायचं. मामांना वारा नको होता. हा वारा चालू आहे तोवर ढग थांबत नाहीत आणि ढग थांबल्याशिवाय पेरणी नाही, हा तिथला साधा हिशेब. मला वारा हवा होता. मी सकाळी नागापुरातून फोन करून विचारायचो, मामा, वारा कसाय? तिकडून शिवी यायची. ती शिवी जेवढी लांब, तेवढा वारा चांगला, हे मी लवकरच ओळखलं. अर्धा दिवस काम करून, विळद घाट उतरून राहुरीच्या रस्त्याला लागायचो. वाटेत उसाच्या शेतांवरून वाऱ्याच्या लाटा जाताना दिसायच्या आणि मी स्टिअरिंगवरच हात आवळायचो. एका बाजूला गावच्या गाव पावसाची वाट बघत होतं, आणि मी, त्याच गावचा भाचा, मनातल्या मनात म्हणत होतो की अजून थोडे दिवस नको. मला त्याची लाज वाटायची. पण लाज वाटूनही मी जायचोच.

फळी काही उठेना. वेग यायचा, फळी धावायला लागायची, आता उठणार असं वाटायचं, आणि नेमकं तेव्हाच तिचं नाक खाली जायचं, पाण्यात घुसायचं, आणि मी विंगसकट पुढे फेकला जायचो. दर वेळी तसंच. जेवढा वेग जास्त, तेवढी डुबकी खोल. मी वजनाला दोष दिला, रात्रीची भाकरी सोडली. वाऱ्याला दोष दिला. धरणातल्या गाळाला दोष दिला, की पाणी जड आहे. फोनवर लोकांच्या चित्रफिती बघून पाय पुढे-मागे करून पाहिले. तीन आठवडे गेले. मामांच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली की मामी काठावर यायच्या. मामा मान मागे टाकून थेंब घालून घ्यायचे, डोळा मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांनीच मला विचारायचे की उठलास का. मी म्हणायचो, उठेन, आता उठेन.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी मी दमून बसलो होतो. फळी काठावर पालथी घातलेली, तिचा पाय वर आकाशाकडे. मामा उठून तिच्याजवळ गेले. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं म्हणून त्यांनी हात लावला. पायावरून हात वर नेला, टोकाच्या पुढच्या पंखावर आणला, आणि अंगठा त्याच्या धारेवरून फिरवत राहिले. नांगराचा फाळ बघताना फिरवतात तसा.

"दत्तू, हे असंच पालथं ठिऊन जोडलं व्हय रं तू?"

मी म्हटलं, हो, स्टँडवर पालथं घालूनच जोडावं लागतं.

"मग ह्या फाळाचं तोंड आत्ता वर हाय. पान्यात गेल्यावर कुठं जाईल?"

मी फळी उचलून सरळ धरून पाहिली. फळी पालथी ठेवून, समोर दिसतं तसं, मी पंखाचं तोंड चांगलं आकाशाकडे उचलून पक्कं बसवलं होतं. उडायचं आहे म्हणून. फळी सरळ केली की तेच तोंड तळाकडे. वीस वर्षांचा अनुभव, मिलिंग मशीन, डिजिटल कोनमापक, सगळं वापरून मी अर्ध्या अंशाचीही चूक न करता उलटं काम केलं होतं. तीन आठवडे मी धरणात नांगर धरला होता.

मामा हसले नाहीत. पंखावर हात ठेवूनच म्हणाले, "खोल नांगराया झ्याक लावलाय. उडाया न्हाई चालायचा." मग हसले, आणि मामींना हाक मारून सांगितलं, आणि मामींनी ते मेंढपाळांना सांगितलं, आणि संध्याकाळच्या आत ते राहुरीच्या बाजारापर्यंत पोचलं असणार.

मीही हसलो. अजूनही लोकांना ही गोष्ट सांगतो तेव्हा इथे पोट धरून हसतात आणि मी त्यांना हसू देतो. त्यांना एक सांगत नाही. त्या दिवशी परत येताना घाट चढताना मी हिशेब केला होता की त्या डोळ्यात जे काही उरलं होतं, त्यातले तीन आठवडे मी माझ्या हुशारीत घालवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये मी पंखाचा कोन फिरवला. पंधरा मिनिटांचं काम. ते झालं आणि निलगिरीचा शेंडा सरळ झाला. वारा पडला. त्याच दुपारी गच्च भरून आलं आणि पाऊस लागला, चार दिवस, बारीक, मुरणारा, शेतकऱ्यानं मागावा तसा. मामांचा फोन आला. पेरणी चालू झाली होती, आवाजात उत्साह होता. मी म्हटलं, छान झालं. मग ते म्हणाले, "तुला वाईट वाटत आसंल." मी म्हटलं, नाही हो मामा. खोटं बोललो. दोघांनाही ते कळलं, आणि दोघांनीही पुढे पिकाचंच बोलणं चालू ठेवलं.

बाजरी उगवली, मूग उगवला, धरणात पाणी चढलं. मामांचा बसायचा खुंट पाण्यात गेला, मग ते वरच्या बांधावर बसायला लागले. श्रावणात वारा परत आला, पण पहिल्यासारखा सलग नाही. येई, थांबे, पुन्हा येई. फळी आता डुबत नव्हती, पण मीही उठत नव्हतो. झुळूक आली की मी तिच्यावर तुटून पडायचो, विंग जोरात ओढायचो, उभा राहायला जायचो, आणि तोवर झुळूक निघून गेलेली असायची. बसमागे धावणाऱ्या माणसासारखं दिसत असणार.

मामा बांधावरून हे ऐकत होते. हो, ऐकत, तोवर डावा डोळा बराच उतरला होता, आणि मी पाण्यात लांब गेलो की त्या पाइपात मला शोधायला त्यांना वेळ लागायचा. एका दुपारी त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि विचारलं की लहानपणी खळ्यावर बाजरी वाऱ्यावर उपणताना पाहिलीस ना. पाहिली होती. मामा उंच तिवईवर उभे असायचे, डोक्यावर पाटी धरून, आणि आम्ही पोरं खाली. पाटी धरून ते किती तरी वेळ नुसते उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, ओतत का नाहीत.

"झुळूक आली की ओततो का आपन?" मामा म्हणाले. "आल्या आल्या ओतलं तर भुस्कट तोंडावर येतं. तिला येऊ द्यायचं. कानाला लागली, गालाला लागली, अंगावरनं पुढं गेली, आनि मंग जवा पुरी भरती ना, तवा सोडायचं. झुळकेच्या पोटात सोडायचं."

मग त्यांनी मला काठावरच डोळे मिटून उभं केलं. झुळूक कानाला लागली की 'आली' म्हणायचं, भरली की 'भरली'. मी 'भरली' म्हणालो की ते म्हणायचे, न्हाई आजून. धुणं धुणाऱ्या बायकांनी धुणं पूर्ण थांबवलं होतं. पन्नाशीला टेकलेला, तंग काळे कपडे घातलेला एक माणूस डोळे मिटून उभा, शेजारी एक म्हातारा, आणि दोघं आळीपाळीनं 'भरली', 'न्हाई आजून'. अर्ध्या तासानं आमचं दोघांचं एकदम जमलं. दोघांच्या तोंडून एकाच वेळी 'भरली' निघालं. मामांनी माझ्या पाठीत काठी टेकवली आणि पाण्याकडे ढकललं.

त्या दिवशी मी उठलो.

कसा, ते नीट सांगता येणार नाही. गुडघ्यावर होतो, झुळूक आली, मी काहीच केलं नाही. कान, गाल, खांदा. मग ती भरली आणि मी उभा राहिलो. फळीखाली छोट्या लाटा थपथप करत होत्या, नेहमीसारख्या, आणि एकदम ती थपथप थांबली. मला वाटलं, फळीच गेली. खाली पाहिलं तर पाणी होतं, पण लांब. खाली कुठेतरी पाय पाणी कापत होता त्याची बारीक शीळ येत होती, बाकी काही नाही. वारा विंगमध्ये होता आणि मी वाऱ्याबरोबरच चाललेलो, त्यामुळे तोही वाजेनासा झालेला. आठ सेकंद असेल. दहा नक्कीच नाही. मग मला आनंद झाला, आणि आनंद झाल्यामुळे मी पडलो.

विंग हातात धरून, फळी ओढत, पाणी ओकत मी बांधाकडे आलो. ओरडतच आलो की मामा, पाहिलंत का. मामा उभे होते. तोंड माझ्याकडे नव्हतं, माझ्या डावीकडे, मी जिथून सुरुवात केली होती तिकडे होतं.

"न्हाई दिसलं," ते म्हणाले. "आवाज बंद झाला येवढं कळलं. मला वाटलं बुडलास."

मग म्हणाले, "परत कर."

मी परत गेलो. ऊन उतरेपर्यंत करत राहिलो. झुळका आल्या, भरल्या, रिकाम्या झाल्या. मी एकदाही उठलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. चौथ्या दिवशी वारा फिरला. पोळ्यापर्यंत मी रोज शेंडा बघत होतो. मग बाजरीला कणसं आली आणि मामा राखणीला माळ्यावर बसायला लागले, म्हणजे पाखरांचा आवाज ऐकून गोफण फिरवायला. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. उरलं होतं तेही फार टिकलं नाही. पुढचा आषाढ आला तेव्हा मामांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, आणि अंगणातून जाणारं माणूस बाई आहे की बाप्या, ते चपलांवरून.

त्यानंतरचे आषाढ चांगले गेले. मी शिकलो. आता मी उठतो, या काठावरून त्या काठाकडे जातो, वळतो, परत येतो. नवं फॉइलही आलं, कोणी तरी शहाण्या माणसानं केलेलं. पुण्याकडची दोघंतिघं कधी कधी येतात आणि मला विचारतात की काका, सुरुवात कशी करायची, आणि मी त्यांना खळ्यावरच्या बाजरीपासून सांगायला लागतो. ते आदरानं ऐकतात आणि मग फोनवर चित्रफिती बघतात. पण खरं सांगायचं तर मला आठवतो तो पडण्याचाच हंगाम. कडवळाचा हिरवा वास, अंगावर वाळून तडकलेला गाळ, मामींच्या चहात वाऱ्यानं आणून टाकलेली धूळ, आणि बांधावरची ती थोडी थोडी फिरणारी मान, जी मला शोधत होती. माझी तीन आठवड्यांची चूक झाली नसती तर त्या मानेला मी सापडलो असतो. हे मी स्वतःला सांगतो, आणि मग सांगतो की नसतोही सापडलो कदाचित. दोन्हींनी फरक पडत नाही. यंदाही पवनचक्क्या फिरताना पाहिल्या आणि आधी हेच आलं मनात.

परवा गेलो होतो. वारा सुरेख, भरदार. मामा पंच्याहत्तरी ओलांडून गेलेत. मामी त्यांना हात धरून बांधापर्यंत आणतात, खाली पोतं अंथरतात, आणि कामाला जातात. मी पाण्यात उतरलो, पहिल्याच झुळकेत उठलो आणि निघालो. लांबपर्यंत गेलो. पाणी काळंनिळं होतं, ढग डोक्यावरून धावत होते, फळीखाली काहीही वाजत नव्हतं. वळून परत येताना बांधाकडे लक्ष गेलं. मामा तिथंच बसले होते, तोंड मी निघालो होतो त्या जागेकडे. मान थोडी वर, कान पुढे. मी त्यांच्या समोरून, पन्नास-साठ हातांवरून, अगदी नीट, एकदाही न डगमगता गेलो. मान हलली नाही. मी पुन्हा वळलो, आणखी जवळून गेलो. ते त्याच रिकाम्या पाण्याकडे तोंड करून बसलेले, आणि त्यांचा एक हात पोत्यावर काहीतरी चाचपडत होता, काठी शोधत असावेत, उठायला.

तेव्हा मी विंग सोडलं आणि आडवा पडलो. चांगला सपाट, सगळे ब्याण्णव किलो.

मान झटकन माझ्याकडे फिरली. काठी शोधणारा हात थांबला आणि मांडीवर आला.

"आजून पडतोस व्हय रं?" मामांनी तिथून विचारलं.

मी तोंडातलं पाणी थुंकलं आणि म्हणालो, "पडतो ना, मामा."

ते हसले आणि पोत्यावर नीट मांडी घालून बसले. मी फळीवर चढलो. उठलो, थोडं अंतर गेलो, आणि पुन्हा पडलो. मग पुन्हा थोडं पुढे जाऊन पडलो. असं करत करत गेलो त्या काठापर्यंत, आणि दर पडण्याबरोबर मामांचं तोंड माझ्यामागे थोडं थोडं सरकत होतं.